फळीवरची अंडी

मंडळी, सगळ्यात आधी माझी एक तक्रार नोंदवून घ्या.

या माईकच्या दांड्याचा स्क्रू ढिला आहे. तो काही आज ढिला झालेला नाही. गेल्या तीन शोकसभांपासून ढिला आहे. माणूस बोलायला उभा राहतो तेव्हा माईक तोंडाशी असतो. 'अप्पा लिंगैक्य झाले' म्हणेपर्यंत तो गळ्याशी येतो. 'भरून न निघणारी पोकळी' म्हणेपर्यंत पोटाशी. माझ्या आधी तिघे बोलले आणि तिघेही बोलता बोलता वाकत गेले. प्राचार्य साहेब तर शेवटी इतके वाकले, की मागच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. बायांनो, साहेबांना हुंदका आला नव्हता. स्क्रू ढिला आहे.

मी दर वेळी सभागृहवाल्यांना सांगतो. ते दर वेळी म्हणतात, "पुढच्या वेळेला करून टाकू." शोकसभेच्या सभागृहात 'पुढच्या वेळेला' म्हणजे काय, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगा.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस इथंही सदर लिहायला लागला. लागलो खरा. ज्याला मुद्द्यावर यायची भीती वाटते, तो माईकवर बोलतो. मला आज मुद्द्यावर यायची फार भीती वाटते आहे.

गंगाकाकू, तुम्ही समोरच बसलाय. माझ्याकडे बघू नका, म्हणजे मला बोलता येईल.

काशीनाथअप्पा गेले. सहा दिवस झाले. आपल्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. परिचर म्हणजे काय, तर प्राध्यापक वर्गात चित्र काढायचे आणि अप्पा मुलांना जीव दाखवायचे. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. तीस वर्षं आमच्यात एक भिंत होती. भिंतीपलीकडून फॉर्मालिनचा वास यायचा. अलीकडून काय जायचं, ते अप्पांनी मला एकदा सांगितलं होतं. "सर, तुमचा वर्ग चालू असला की आमचे बेडूक लवकर बेशुद्ध पडायचे."

मघाशी साहेब म्हणाले, अप्पांचं मुक्या जीवांवर प्रेम होतं. साहेब, माफ करा. अप्पांचं तळ्यातल्या माशांवर काडीचं प्रेम नव्हतं. हा माणूस गळ्यात लिंग धारण करणारा, श्रावणात लसणाला न शिवणारा. मासा ताटात सोडा, जेवतानाच्या बोलण्यातही चालायचा नाही. लोक विचारायचे, "अप्पा, खात न्हाई तर तळ्यावर जाऊन इतकं कशाला करता?" अप्पा म्हणायचे, "डॉक्टर काय पेशंटला खातो का?" आणि वर, "काही खातेत. पण समदेच न्हाई."

तळ्यावरून आले की काकू नवऱ्याला घरात घेत नसत. मागच्या अंगणात चुलवणावर पाणी तापलेलं असायचं. आधी आंघोळ, मग भस्म, मग पूजा, मग चहा. काकू दारातूनच म्हणायच्या, "माशाचा वास साबणानं जातोय हो. तुमच्या त्या उवाचं बोलणं कशानं जाईल?"

हां. उवा. अप्पांचं लक्ष माशावर नव्हतंच. माशाच्या अंगावर जी बसलेली असते, तिच्यावर होतं.

माशाला ऊ असते हे मला पन्नाशीत कळलं. तोवर ऊ ही केसवाल्यांची अडचण आहे, अशी माझी समजूत. अप्पांनी माझ्या डोक्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सर, तुम्हाला भ्यायचं कारण न्हाई." तळ्याच्या काठावर उकिडवं बसून त्यांनी एका रोहूच्या कल्ल्यामागून नखानं काहीतरी सोडवलं, तळहातावर पाण्याच्या थेंबात ठेवलं आणि माझ्या हातात भिंग दिलं. मला आधी काहीच दिसेना. मग दिसली. मसुराच्या डाळीहून थोडी लहान, चपटी, काचेसारखी आरपार. मी म्हटलं, "अबब, केवढाले डोळे!"

"ते डोळे न्हाईत. चिकटायच्या वाट्या हायती. डोळे वर बघा, बारके. दिसले? बघा कशी बघायली आपल्याकडं. लई हुशार बाई हाय ही, सर."

बाई! अप्पा तिला बाईच म्हणायचे. शत्रूचा इतका मान ठेवणारा माणूस मी राजकारणातही पाहिला नाही. राजकारणात तर नाहीच नाही.

त्या दिवशी त्यांनी तिची सगळी जन्मकहाणी सांगितली. मंडळी, ती मला तुम्हालाही सांगावी लागेल, कारण पुढं जे झालं ते त्याशिवाय समजणार नाही. ऊ माशाला वाट्यांनी चिकटते. मधल्या सुईनं टोचते, रक्त पिते. तिथं लाल फोड येतो, फोडात दुसरे रोग शिरतात. इथपर्यंत सोपं आहे. पण बाळंतपणाला ती मासा सोडते. पाण्यातून पोहत जाते, एखादी कडक जागा शोधते. दगड, खुंटी, बुडालेलं लाकूड, काही चालतं. तिथं अंडी चिकटवते. एकापुढं एक, ओळीत. आणि परत माशाच्या शोधात निघते. पंधरा-वीस दिवसांत अंडी फुटतात, कडक उन्हाळ्यात त्याच्याही आधी. बाहेर पडलेल्या पिलाला चार-दोन दिवसांत मासा सापडला तर ते जगलं. नाही सापडला तर मेलं.

मी विचारलं, "मग औषध टाकायचं ना?"

"कुठं टाकता? हे तळं हाय. गावची म्हसरं पितात, खालच्या वस्तीचे लोक पितात. आन् टाकलं तरी मोठ्या उवा मरत्यात. अंडी न्हाई मरत. आज टाकलं, मासा साफ झाला, गाव खूश. तीन हप्त्यानं समदं परत."

"मग इलाज काय?"

"इलाज न्हाई. कमी ठेवायचं."

कमी ठेवायची अप्पांची रीत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, आणि सगळे हसलाही आहात. कॉलेजातला एक फुटका काळा फळा भंगारात निघाला होता. अप्पांनी तो मागून घेतला, कापला आणि त्याच्या बारा-पंधरा फळ्या केल्या. प्रत्येक फळीला एक दोरी, दोरीला दगड. बांबू रोवून त्या तळ्यात उभ्या टांगल्या. उवेला बाळंतपणासाठी इतकी सोयीची जागा साऱ्या तालुक्यात नव्हती. बाया येत, अंडी घालून जात. दर दहाव्या दिवशी अप्पा फळ्या ओढून बाहेर काढत, बांधावर कडक उन्हात दोन दिवस वाळवत, ब्रशनं खरवडत आणि पुन्हा पाण्यात सोडत. झालं. औषध नाही, यंत्र नाही, अनुदान नाही. अनुदान नाही म्हटल्यावर कुणी बघायलाही आलं नाही. मत्स्य खात्याकडं अप्पांनी अर्ज केला होता. ज्यांनी बघायचं त्यांची जागा रिकामी. तिचा जादा भार ज्यांच्याकडं, त्यांच्याकडं तीन तालुके. त्यांनी एक घडीपत्रक पाठवलं. त्यावर माशाचं सुंदर चित्र होतं. अंगावर एकही ऊ नव्हती.

आता नामदेव. नामदेव भोई तिथं दाराशी उभा आहे. खुर्च्या रिकाम्या असून उभा आहे. का उभा आहे, ते त्याला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तळ्याचा ठेका नामदेवचा. त्याच्या बापजाद्यांनी याच पाण्यात जाळी टाकली. मागच्या वर्षी त्यानं रोहू, कटला सोडले होते. चांगले पोसले होते. औशाचा व्यापारी येऊन बघून गेला होता. नामदेवची बायको मला म्हणाली होती, "सर, औंदा पोरीला लातूरला शिकायला ठिवणार."

आणि मागच्या उन्हाळ्यात ते सगळे मासे मेले. तुम्ही पाहिलंत. तळ्याच्या काठानं पांढऱ्या पोटांची रांग लागली होती. त्यानंतर गावात एकच वाक्य फिरलं. चौकात फिरलं, दळणाच्या गिरणीत फिरलं, मठात फिरलं. "अप्पानं फळ्या टाकल्या, फळ्यावर उवा झाल्या, उवांनी मासं खाल्लं." गंगाकाकूंना मठात बायांनी तोंडावर विचारलं, "तुमच्या मालकानं नामदेवाचं मासं मारलं म्हणं?" काकू घरी आल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. अप्पा मला म्हणाले होते, "बरं झालं सर, घरात जरा शांतता हाय." पण ते हसले नव्हते.

मंडळी, ते मासे अप्पांनी मारले नाहीत.

मी मारले.

थांबा. कुजबुज नंतर करा. मला आज एका दमात सांगू द्या, कारण या आधी मी हे पुष्कळदा सांगायला सुरुवात केली आहे आणि दर वेळी मधेच चहा मागवला आहे.

अप्पांच्या किडन्या गेल्या, हे तुम्हाला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा लातूरला. सकाळच्या एसटीनं जायचं, चार तास मशीनला, दिवेलागणीला परत. मी विचारायचो, "कसं असतं हो अप्पा?" ते म्हणायचे, "काय न्हाई. मला बी आता फळीवानीच बाहेर काढून वाळवायलेत." मागच्या वैशाखात त्यांच्या हाताच्या नळीला जंतुसंसर्ग झाला आणि लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना ठेवूनच घेतलं. त्यांचा फोन आला. "सर, उद्या फळ्या काढायची पाळी हाय. नामदेव दोरी ओढंल. तुम्ही निस्तं उभं राहा. काढायच्या आन् उन्हात टाकायच्या. एवढंच. बाकी डोकं चालवू नका."

डोकं चालवू नका! माझ्यासारख्याला हे सांगणं म्हणजे लेकराला मिठाईच्या दुकानात डोळे मिटून बस म्हणण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी टोपी घालून तळ्यावर गेलो. नामदेवनं पहिली फळी वर काढली. मी वाकून बघितलं. काळ्या फळीवर पिवळसर ठिपक्यांच्या ओळीच ओळी. इतक्या नीट, इतक्या सरळ, की बोर्डाच्या पेपरात मी असं अक्षर बघितलेलं नाही. मंडळी, मला ती अंडी फार सुंदर वाटली. आणि नेमकं तेव्हा मला काय आठवावं? अप्पांनीच कधीतरी सांगितलं होतं, की सायप्रिनस नावाचा मासा आपली अंडी पाणवनस्पतीला चिकटवतो. तेवढं वाक्य माझ्या ध्यानात राहिलं. अप्पांचं बोलणं मी असंच ऐकायचो. सदराला कामाचं तेवढं वेचून घ्यायचो, बाकीचं सोडून द्यायचो.

मी म्हटलं, "नामदेव, थांब. ही माशाची अंडी आहेत."

नामदेव म्हणाला, "न्हाई वं सर, अप्पा तर म्हणतेत..."

"अप्पा आजारी आहेत. चूक त्यांचीही होऊ शकते. ओळी बघ. इतकी अंडी उन्हात भाजायची? पाप लागेल. टाक परत."

"सायप्रिनस तर आपण सोडलाच न्हाई औंदा."

"पावसाळ्यात वरच्या तळ्यातनं वाहून आला असेल."

बघा. उत्तर माझ्याकडं तयार होतं. शिकलेल्या माणसाकडं उत्तर कायम तयार असतं. नामदेवचं सगळं आयुष्य या पाण्यात गेलंय. पण मी सर. मग त्यानं फळी हळूच परत सोडली. दुसरी बघितली, तीही सोडली. सगळ्या फळ्या आम्ही ओल्याच्या ओल्या पाण्यात परत टाकल्या. हलक्या हातानं. एकही अंडं निसटू नये म्हणून मी स्वतः दोरी धरली होती.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण माझं साप्ताहिकात सदर आहे. त्या आठवड्यात मी लिहिलं. तुम्ही वाचलंत, कापून ठेवलंत, मला फोन केलेत. एक म्हातारा शास्त्राच्या नावाखाली माशांची अंडी उन्हात भाजतो आणि त्याला विज्ञान म्हणतो, असं होतं ते. अप्पांचं नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. तालुक्यात दुसरा कुणी फळ्या वाळवत नाही. एवढ्यानंही माझं भागलं नाही. दोन आठवड्यांनी मी पुन्हा तळ्यावर गेलो. मासे पाण्याबाहेर उड्या मारायला लागले होते. दगडाला अंग घासून परत झेपावत होते. काठावर पोरं टाळ्या पिटत होती, "मासं खेळायलेत, मासं खेळायलेत." मी लिहिलं, की अंडी वाचली म्हणून आज तळं आनंदानं नाचतं आहे.

खाजत होतं हो त्यांना. उवेची अंडी फुटली होती. मासे अंगावरच्या उवा झाडायला उड्या मारत होते, आणि मी त्यावर साडेतीनशे शब्द लिहिले. छान लिहिले.

अप्पा लातूरहून परत आले तोवर वैशाख संपला होता. तळ्यात पाणी तळाला गेलं होतं. थोड्या पाण्यात मासे दाटीनं, म्हणजे उवेला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला पायवाटच. एसटीतून उतरून अप्पा घरी गेलेच नाहीत, थेट तळ्यावर आले. मी तिथंच होतो. त्यांनी काठावर लागलेला एक कटला उचलला, तोही हाताला पट्टी असताना. त्याला उलटसुलट केलं. एका माशावर किती असाव्यात? मी मोजल्या नाहीत. मला मोजवल्या नाहीत. अप्पांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि एवढंच म्हणाले, "बघा."

मी बघितलं. वाट्या दिसल्या. वर बारके डोळेही दिसले.

मग त्यांनी एक फळी वर ओढली. तिच्यावरच्या ओळी रिकाम्या होत्या. नुसती टरफलं. फळी त्यांनी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसले. माझ्याकडं बघितलं नाही. मग म्हणाले, "सर, तुमचं वाचलं मी. दवाखान्यात एकानं दिलं होतं. वाक्यं चांगली हायती."

मंडळी, मला आयुष्यात पुष्कळांनी शिव्या दिल्या. माजी आमदारांनी दिल्या, आजी आमदारांनी दिल्या. पण असं मला कुणी मारलं नाही.

पुढचे आठ दिवस आम्ही जे करता येईल ते केलं. काय करता येणार होतं? नामदेवनं जाळं टाकून निम्मे मासे विकायला काढले. अंगावर फोड बघून व्यापारी परत गेला. तळ्यात नवं पाणी आणावं म्हटलं तर कुठून आणायचं? मृग अजून लांब होता. औषध टाकावं म्हटलं तर खाली माणसं पीत होती. आम्ही तिघं काठावर उभे राहायचो, बस. नामदेव जाळं खांद्यावर घेऊन, मी टोपी घालून, अप्पा हाताला पट्टी बांधून. आणि मासे पाठोपाठ वर येत राहिले. माणसाला सगळं कळलेलं असावं आणि हातात काही नसावं, याच्यासारखं वाईट काही नाही. अप्पांना दर वेळी सगळं कळलेलं असायचं. माशांचंही, स्वतःच्या किडन्यांचंही.

मी म्हटलं, "अप्पा, मी दुरुस्ती छापतो. पुढच्याच अंकात. चूक माझी, असं लिहितो."

ते म्हणाले, "छापा."

पुढच्या अंकात दहावीचा निकाल होता. त्याच्या पुढच्या अंकात पाऊस. मग गणपती, मग दिवाळी अंक, मग निवडणूक. दुरुस्ती तयार होती, मंडळी. चार वेळा लिहिली. दर वेळी इतकी सुंदर झाली, की त्यात अप्पांपेक्षा मीच जास्त दिसायला लागलो. फाडली. दरम्यान नामदेव बायकोला घेऊन पुण्याकडं बांधकामावर गेला. पोर लातूरला गेली नाही, मामाकडं राहिली. गावात ते वाक्य फिरतच राहिलं. आणि मी रोज संध्याकाळी अप्पांकडं चहाला जात राहिलो. काकू चहा देत राहिल्या. त्यांना कुठं माहीत होतं, आपण चहा कुणाला देतो आहोत.

एकदा मी अप्पांना विचारलं, "तुम्हीच का सांगत नाही गावाला?"

ते म्हणाले, "मी सांगितलं तर लोक म्हणतेन, म्हातारा दुसऱ्यावर ढकलायलाय. आन् तुमचं सदर कोण वाचंल मग? एवढी चार माणसं वाचतेत तालुक्यात." मग म्हणाले, "तुम्हाला फुरसत मिळाली की सांगा. घाई न्हाई."

घाई होती, मंडळी. माणसाच्या किडन्या गेल्यावर घाई असते. हे मला कळत होतं.

दिवाळीनंतर नामदेव परत आला. अप्पाच त्याच्या घरी गेले. ज्यानं चौकात 'अप्पाच्या फळ्यांनी घात केला' म्हटलं, त्याच्या घरी गेले. नामदेव खाटेवरून उठला नाही. अप्पा खाली बसले आणि म्हणाले, "नामदेवा, तळ्यात पाणी चांगलं हाय. बीज सोड. फळ्याचं मी बघतो." नामदेव म्हणाला, "परत फळ्या?" अप्पा म्हणाले, "हाव. परत फळ्या. दुसरं काही येत न्हाई मला." त्याची बायको आतून म्हणाली, "सोडा वं. म्हातारं माणूस घरापतूर आलंय." आणि नामदेवनं बीज सोडलं. ते मासे आज तळ्यात आहेत.

नामदेव, आता तू ऐक. बाकीचे ऐकतीलच. त्या दिवशी फळीवर माशाची अंडी नव्हती. उवेची होती. अप्पांनी तुला बरोबर सांगितलं होतं. तुलाही बरोबर कळत होतं. मी तुला चुकीचं सांगितलं आणि तू माझं ऐकलंस, कारण मी सर आहे. तुझे मासे अप्पांच्या फळ्यांनी मेले नाहीत. त्या फळ्या उन्हात पडल्या असत्या तर बहुतेक जगले असते. बहुतेक म्हणतो. अप्पा असते तर त्यांनीही बहुतेकच म्हटलं असतं.

काकू, मठात ज्या बायांनी तुम्हाला विचारलं, त्या आज इथं आहेत. त्यांनी आता मला विचारावं. उद्या, परवा, कधीही. माझं घर सगळ्यांना माहीत आहे.

हे मी अप्पा असताना बोलायला हवं होतं. आता बोलून त्यांना काय उपयोग? काहीही नाही. अप्पांना खोट्या समाधानाचा तिटकारा होता. एक जंत ते नेहमी सांगायचे. बगळ्याच्या पोटातून गोगलगायीत, गोगलगायीतून माशात, माशातून परत बगळ्यात. "तीन घरं फिरतोय, पण कुण्याच घरी कुणाला खबर न्हाई." मी विचारलं होतं, "याचा शेवट कुठं?" ते म्हणाले, "बगळा, गोगलगाय, मासा, यातलं एक संपलं तर. पण ते आपल्याला परवडत न्हाई."

शेवटचं मी त्यांना लातूरला भेटलो. मशीन बंद होतं, डॉक्टरांनी नळ्या काढल्या होत्या, म्हणजे आता त्यांच्याही हातात काही नव्हतं. अप्पांना बोलायला श्वास पुरत नव्हता. ते माझ्याकडं बघून दोन बोटं हलवत होते. काकूंना वाटलं, पाणी मागतात. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. पुन्हा तीच दोन बोटं, खालून वर, खालून वर. काकू मला बाहेर म्हणाल्या, "काय सांगत होते कोण जाणे."

काकू, मला तेव्हाच कळलं होतं. दोरी ओढून दाखवत होते.

अप्पा ज्या दिवशी भरती झाले, त्याच्या आदल्या दिवशी फळ्या पाण्यात सोडलेल्या आहेत. आज चौदावा दिवस. नामदेव फळ्यांना हात लावत नाही, आणि मागच्या साली मी जे केलं त्यानंतर त्यानं का लावावा? बाकी कुणाला ते कामच माहीत नाही. ऊन चढायला लागलं आहे. अंडी कदाचित अजून फुटली नसतील. कदाचित सकाळीच फुटली असतील. मला बघून कळत नाही, हे एव्हाना तुम्हाला पटलं असेल.

आता श्रद्धांजली. दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं आहे. साहेब, घड्याळ तुम्ही बघा. पण एक विनंती आहे. त्या दोन मिनिटांत अप्पांचं माशांवर प्रेम होतं, असं मनातही म्हणू नका.

मी थांबत नाही, त्याबद्दल माफ करा. अप्पांची एक पाळी माझ्याकडं बाकी राहिली आहे. काढायच्या, उन्हात टाकायच्या. बाकी डोकं चालवायचं नाही. नामदेव, तू येऊ नको. नाही, येऊ नको म्हणजे तुझी इच्छा. दोरी मला एकट्याला ओढवेल की नाही सांगता येत नाही, पण ओढून बघतो.

उभे राहा, मंडळी.

शरणु शरणार्थी, अप्पा.